फक्त व्यवस्थापकासाठी

आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर नवं पान चढवलं की खाली एक छोटी चौकट उघडते. ते पान कुणी बघायचं, ते तिथे ठरवायचं. तीन पर्याय आहेत: सर्वांसाठी, सभासदांसाठी आणि फक्त व्यवस्थापकासाठी. व्यवस्थापक म्हणजे मी. ती चौकट मीच केली, पर्यायांची नावंही मीच ठेवली. तिसरा पर्याय मी एकदाच वापरला, एका वहीसाठी. त्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नाही, आता लिहितो.

मी बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून दोन वाक्यं काढायची म्हणजे देवासात बोअरला पाणी लागायची वाट बघायची. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी गेली. तिथेच कॉम्प्युटर शिकलो. चिठ्ठीशिवाय एक नटसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही सवय हाडात बसली. मंडळानं वेबसाइट करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. मला ते बरं वाटलं होतं, हेही सांगतो.

मंडळ देवासला टेकडीखालच्या हॉलमध्ये भरतं. बहुतेक घरं देवासची, काही धारची. पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर आलेले, आता कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, कुणाचं दुकान. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी असं वर्षभर चालतं. गणपतीत आरती मराठीत होते आणि आरती संपताक्षणी सगळे हिंदीत भांडायला लागतात, की पार्किंगमध्ये गाडी कुणी आडवी लावली.

वेबसाइटवर प्रत्येक घराचं एक पान ठेवायचं ठरलं, म्हणून मी एक फॉर्म केला. कुलदैवत, मूळ गाव, घर कुठल्या दरबाराचं, देवासची थोरली पाती की धाकटी पाती की धार, आणि एक रकाना, ‘दरबारातलं काम’. लोकांनी हौसेनं भरले. कुणाचे पणजोबा शिलेदार, कुणाचे वैद्य, कुणाचे पुराणिक. शेवटी मी माझा भरायला बसलो. आमचे आजोबा धारला मुदपाकखान्यात पाणी भरत. वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते नगरपालिकेत शिपाई होते आणि लग्नसराईत वाढपी. त्या रकान्यात मी ‘दफ्तर’ असं लिहिलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. मी धारचा, नोकरीसाठी देवासला आलेला. मंडळातली धारची घरंही फार पूर्वीच इथे आलेली, माझ्या घरचं कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित विसरलोही असतो. पण वार्षिक संमेलनात अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, दफ्तरातल्या घरातले आहेत, म्हणून तर नोंदी ठेवायला हात असा बसलाय. अध्यक्ष निवृत्त वकील, बोलणं भारदस्त. टाळ्या पडल्या. मी खुर्चीवरून अर्धा उठून नमस्कार केला आणि परत बसलो.

पहिलं वर्षभर साइट सगळ्यांना उघडी होती. मग वधू-वरांच्या पानावरून एका मुलीचा फोटो कुणीतरी उचलला आणि भलतीकडे चिकटवला. तिचे वडील मोबाइल पुढे धरून हॉलवर येऊन उभे राहिले. त्या बैठकीत एकमतानं ठरलं की वधू-वरांची पानं, घराण्यांची माहिती आणि ‘ठेवा’ नावाचा जुन्या कागदपत्रांचा विभाग, हे सगळं सभासदांपुरतं ठेवायचं. नवीन सभासदाला दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतील, मग त्याला पासवर्ड. हे योग्यच होतं. आजही तसंच आहे, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते कुलूप मी नीट विचार करून लावलं होतं. दुसऱ्या कुलपाची गोष्ट वेगळी आहे.

धारला माझा एक मित्र आहे, आचारी. हिंदी लोक त्याला महाराज म्हणतात, आपले लोक आचारीच म्हणतात. त्याचे वडीलही आचारी होते आणि माझे वडील त्यांच्याच हाताखाली वाढायचे. त्या माणसानं आयुष्यभर एक वही लिहिली. प्रत्येक मोठ्या पंगतीचं एक पान. वर गाव, घर, किती पानांची पंगत, आणि खाली प्रत्येक पदार्थाचं प्रमाण. तांदूळ इतका, पाणी इतकं, मीठ इतकं. स्वैपाक झाल्यावर पुन्हा शेरा: मीठ पावशेर जास्त झालं, पुढे कमी करणे.

ही वही त्यांना का लागायची, ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या घरात स्वैपाक चाखत नाहीत. नैवेद्य दाखवून होईपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, हा त्यांचा पिढीजात नेम. आचारी वासावर, रंगावर आणि वहीवर चालतो. आणि मोठ्या पंगतीचं प्रमाण नुसता गुणाकार करून येत नाही. शंभर पानांना जेवढं मीठ, त्याच्या सहापट सहाशे पानांना घातलं तर जेवण तोंडात धरवत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी कमी आटतं, म्हणून पाणीही हात राखून. हे किती राखायचं, ते त्या वहीत होतं. मित्र वडिलांच्या माघारी बारसं, मुंज, शंभर-सव्वाशे पानांची कामं करायचा. ती त्याला पाठ होती. मोठ्या पंगती इंदूरचे केटरर घेऊन गेले होते.

ती वही मंडळात आणली मीच. ‘ठेवा’ विभागासाठी जुनं काही हवं होतं, आणि असं काही दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तो कचरत होता. म्हणाला, वही घरातून बाहेर गेलेली नाही कधी. मी म्हटलं, “भिया, उलट घरबसल्या मोबाइलवर दिसेल तुला. भिजायची नाही, जळायची नाही, पातेल्यात पडायची नाही.” त्यावर तो हसला. पातेल्यात ती खरंच एकदा पडली होती, बासुंदीच्या. त्यानं कापडात बांधून दिली.

आमच्या सचिवबाईंनी पानं सुटी करून फोटो स्टुडिओतून स्कॅन करून घेतली आणि वही जिल्द बांधायला इंदूरला पाठवली. पेनड्राइव्ह माझ्याकडे आला. एका रविवारी दुपारी जेवून मी पानं चढवायला बसलो. पहिलंच पान उघडलं आणि खाली बघितलं तर वाढप्यांची यादी. कोण काय वाढणार, तेही लिहिलेलं. शेवटी भाऊंचं नाव, पुढे ‘पाणी, मीठ, लिंबू’. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. आणि एका पानावर, बहुतेक निसरपूरच्या कुठल्या लग्नाच्या, नावापुढे कंसात: धोतर फाटके आहे, यजमानांस सांगून नवे द्यावे.

मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसलो. आमचं आडनाव साधं नाही, दुसऱ्या कुणाचं म्हणून खपलं नसतं. सचिवबाई प्रत्येक नवं पान वाचतात, आणि वाचलं की फोन करतात. अध्यक्ष वाचतात. मी माउस हलवला आणि वहीच्या सगळ्या पानांना तिसरा पर्याय लावला. फक्त व्यवस्थापकासाठी. सचिवबाईंना सांगितलं की अक्षर पुसट आलंय, साफ करून मग लावतो. त्या म्हणाल्या, सावकाश करा, कसली घाई आहे.

खरं तर अक्षर अतिशय स्वच्छ होतं.

मग पाच-सहा महिन्यांनी मित्राचा फोन आला. धारच्याच एका मराठी घरातल्या मुलीचं लग्न. नवऱ्यामुलाच्या आजीचा हट्ट होता की बुफे नको, खाली बसून पंगत हवी, पत्रावळीवर, आणि स्वैपाक आपल्या आचाऱ्याचा. सहाशे पानं. त्याच्या वडिलांनंतर एवढं काम त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. तो आनंदात होता आणि घाबरलेलाही. हे नीट झालं तर गंधवानी, डही, कुक्षीपर्यंतची घरं परत आपल्याकडे येतील, असं म्हणाला. त्यानं आपल्या मुलीच्या मोबाइलवर साइट उघडली होती, पण ‘हा विभाग सभासदांसाठी आहे’ असं येत होतं. मी म्हटलं, मग सभासद हो.

तो खरंच झाला. बसनं देवासला आला, चिरोटे घेऊन. माझ्या घरी बसून फॉर्म भरला. ‘दरबारातलं काम’ या रकान्यात त्यानं मोठ्या अक्षरात ‘आचारी’ लिहिलं आणि मला विचारलं, बरोबर ना? मी सही केली. दुसरी सही शेजारच्या सभासदाची मिळवून दिली. पुढच्या बैठकीत त्याचं नाव मंजूर झालं. पासवर्ड मीच पाठवला. हे सगळं करताना मला पुरतं ठाऊक होतं की सभासद होऊन त्याला ती वही दिसणार नाही.

दोन दिवसांनी फोन.

“भिया, सगळ्यांचं दिसतंय रे. कुणाकुणाच्या सनदा, कुणाच्या पत्रिका. माझंच नाही दिसत.”

“सिस्टिम घेत नाहीये रे,” मी म्हटलं. “पानं जड आहेत.”

“बघ ना जरा. लग्नाला महिना राहिलाय. आमची जीभ त्या वहीत आहे.”

बघतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा मी तेच सांगितलं. इंदूरच्या जिल्दवाल्याकडून वही मागवता येईल का, असं त्यानं विचारलं. मी सचिवबाईंना विचारलं, तर तो माणूस गावी गेला होता. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटणं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. शेवटच्या फोनवर त्यानंच माझी माफी मागितली. म्हणाला, तुला उगाच तकलीफ दिली, हे मशीनचं काम, तू तरी काय करशील.

सिस्टिम वगैरे काही नव्हतं. ती चौकट होती आणि माझं बोट होतं. सगळ्या पानांचे फोटो मी एका मिनिटात त्याच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवू शकलो असतो. का पाठवले नाहीत, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. पाठवले असते तर तो सगळ्यांना सांगत सुटला असता. तो आभार मानणारा माणूस आहे. सचिवबाईंना फोन करून म्हणाला असता, बाई, पानं मिळाली, आरशासारखी स्वच्छ आहेत. म्हणजे माझं खोटं उघडं पडलं असतं. मग त्याला बजावायला हवं होतं की कुणाला सांगू नको. तो का म्हणून विचारणार. आणि मग मला त्याच्यापुढे म्हणावं लागलं असतं की भाऊ पाणी वाढायचे याची मला लाज वाटते. ज्या माणसाच्या घरी भाऊंनी जन्मभर दोन घास खाल्ले, त्याच्याच पुढे. ते माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसायला मला कधीच कष्ट पडत नाहीत.

लग्नाला मी गेलो. आमंत्रण मुलीकडून होतं. न जाऊन चाललं असतं, पण गेलो. मांडवामागे चार मोठी पातेली चढली होती. मित्र सोवळं नेसून उभा, हातात कागद. त्यानं आठवून आठवून, शंभराच्या प्रमाणावरून मांडलेला. मला बघून त्यानं कागद हलवला, जमेल बहुतेक, असं म्हणाल्यासारखा. मी हात वर केला.

नैवेद्य दाखवला गेला आणि पहिली पंगत बसली. पहिल्या पंगतीला नवऱ्याकडची मंडळी, त्यांत ती आजी, आणि आम्ही काही देवासचे. अळूचं फतफतं चांगलं होतं. जिलबी उत्तम. मग मसालेभात आला. घास घेतला आणि कळलं. खारट होता, आणि पाणी जास्त पडून गिचका झाला होता. रस्सा असता तर पाणी घालून लांबवता आला असता. भाताला काही करता येत नाही. माझ्या शेजारचे एक गृहस्थ हळू म्हणाले, “भिया, मीठ तो दिल खोल के डाला है.” समोरच्या ओळीत कुणी हसलं. पाणी मागणारे हात वर व्हायला लागले. आजींनी भात बाजूला सारला. मुलीचे वडील पंगतीतून फिरत होते. त्यांनी ते बघितलं.

मित्र पंगतीत आला तो सरळ माझ्यापाशी. ओळखीचा तेवढा मीच होतो. खाली वाकून विचारलं, “कसं झालंय?”

त्याला त्या क्षणी खरं सांगणारा माणूस हवा होता. दुसऱ्या पंगतीला अजून वेळ होता.

“छान झालंय,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या पानाकडे बघितलं. भात तसाच होता. मग तो आत गेला. नंतर कळलं की त्यानं स्वतः चाखून बघितलं, घाईनं साधा भात रांधायला लावला आणि पुढच्या पंगतींना मिसळून वाढला. पुढच्या पंगती निभावल्या. पण लग्नात लक्षात राहते ती पहिली पंगत. त्या घरी पुढे मुंज होती, ती इंदूरच्या केटररकडे गेली. गंधवानीकडून कुणी आलं नाही, डहीकडूनही नाही. मला फोन करणंही त्यानं बंद केलं. मी धारला गेलो तरी त्याच्या गल्लीवरून न जाता बसस्टँडकडून जायचो.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. वही जिल्द होऊन आली आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात बसली, बंद. कपाटाची किल्ली सचिवबाईंकडे. पानं साफ झाली का, असं त्या मधूनमधून विचारायच्या, मी होतायत म्हणायचो. तो चौकटीतला तिसरा पर्याय रोज साइट उघडली की दिसायचा. काढून टाकायला दोन सेकंद लागले असते.

मग मंडळाच्या वर्धापनदिनाची बैठक आली. पंगत करायची, आचारी कोण, यावर चर्चा सुरू झाली. सचिवबाई म्हणाल्या, धारचे ते आपले सभासद आहेत ना, त्यांना विचारू या. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, “नको हो, त्यांचा हात मिठाला सैल आहे. उस शादी में थे ना आप भी?” हे त्यांनी मला विचारलं. सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, सहज.

मी नेहमीसारखं मान हलवून सोडून देणार होतो. पण ‘हात सैल’ हा शब्द मला सोसला नाही. त्याच्या वडिलांनी पावशेर मीठ जास्त पडलं तर वहीत लिहून ठेवलं होतं. मी म्हणालो की त्याचा हात सैल नाही, त्याची वही मी बंद केली होती. आणि मग सगळं सांगितलं. तिसरा पर्याय, पुसट अक्षराचं खोटं, भाऊ, पाणी, लिंबू, धोतर, दफ्तर. एवढं एका दमात मी आयुष्यात बोललो नव्हतो. बोलता बोलता लॅपटॉप उघडून तो पर्याय बदललाही आणि पान भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. भाऊंचं नाव मोठ्या अक्षरात दिसलं.

मला वाटलं होतं, मला व्यवस्थापक पदावरून काढतील. निदान कुणी रागावेल. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता निघालंच आहे तर सांगतो. आमचे आजोबा पंखा ओढायचे दरबारात. आईनं मरताना सांगितलं. शिलेदार मीच लिहिलंय.” त्यावर ते मिठाचे गृहस्थ म्हणाले, हमारे यहाँ तो भिया घोड़े मलते थे. हशा पिकला. सचिवबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं की ते खोटं किती दिवस चालवलंत, आणि उत्तर ऐकून बैठकीच्या नोंदवहीत मान घातली. मग ठरलं की पंगतीचं काम मित्रालाच द्यायचं, निरोप मी न्यायचा, आणि विषय पुढच्या मुद्द्यावर गेला. स्टेजचा पडदा.

घरी येताना मला जास्तच वाईट वाटत होतं. ज्या गोष्टीसाठी मी हे केलं, तिची कुणाला फारशी पर्वाच नव्हती. त्या गोष्टीपायी मित्राचं काम मात्र गेलं होतं.

पुढच्या रविवारी सगळ्या पानांच्या प्रिंट काढून धारला गेलो. वही मागितली होती, पण ती मंडळाला दिलेली म्हणून सचिवबाईंना बैठकीत ठराव करावा लागेल, तो व्हायचा आहे. मित्र अंगणात बसून अळूचे देठ सोलत होता. शेजारी त्याची मुलगी, कॉलेजात जाणारी, मोबाइल बघत. त्यानं मला बस म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. बैठकीत सांगताना जेवढं सोपं गेलं, तेवढं इथे गेलं नाही. मधे मधे थांबत होतो. तो देठ सोलत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला,

“वहीचं सोड. तू त्या दिवशी छान म्हणालास.”

त्यानं पुढचा देठ सोलायला घेतला.

“खारट म्हणाला असतास तर त्या आजीच्या पानातला भात मी उचलून दुसरा वाढला असता. लोक हसले असते, पण वाढला असता.”

मी मंडळाचा निरोप सांगितला. त्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मंडळाला सांग, वही तुमच्याकडे आहे. वहीलाच सांगा स्वैपाक करायला.” मुलगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

प्रिंटचं बाड मी तसंच धरून होतो. त्यानं हात पुसले, पण घेतलं नाही. मुलीला म्हणाला, वही-पेन आण. मग मला म्हणाला, तिला मोठी कामं करायची आहेत, केटरिंगचा कोर्स लावलाय, तिथे सगळं ग्रॅममध्ये शिकवतात. तिच्या आजोबांचं ती वाचू शकत नाही, शाळा सगळी हिंदीत झाली, आणि ते जुन्या वळणाचं अक्षर तर तिला कीडेमकोडे वाटतं. माझ्याच्यानंही ते आता वाचवत नाही. तू वाच. ती तिच्या पद्धतीनं लिहून घेईल.

मी पहिलं पान काढलं. वाचायला लागलो. तांदूळ, डाळ, गूळ, पाणी, मीठ. मुलगी हिंदीत भराभर लिहीत होती, मधेच शेराचे किती ग्रॅम म्हणून बापाला विचारायची, तो तोंडी सांगायचा. मिठाचा शेरा आला तेव्हा त्यानं तो मला दोनदा वाचायला लावला. पदार्थ संपले. मी पान उलटायला लागलो.

“खालचंही वाच,” तो म्हणाला. देठावरून नजर उचलली नाही.

मी वाढप्यांची नावं वाचली. एकेक. शेवटी भाऊंचं नाव, पुढे पाणी, मीठ, लिंबू. मुलीनं पेन थांबवलं आणि बापाकडे बघितलं.

“पापा, ये नाम भी लिखने हैं?”

त्यानं माझ्याकडे हात केला, याला विचार म्हणून.

“लिही,” मी म्हटलं. “ते माझे वडील.”

तिनं लिहिलं. आडनावाची मात्रा कशी म्हणून एकदा विचारलं, मी सांगितली. अळूच्या देठांची परात भरत आली होती. मित्र म्हणाला, पुढचं पान घे, दुपार व्हायच्या आत पाच तरी झाली पाहिजेत. मी पुढचं पान घेतलं.